वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर?

२०२४च्या रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. इफ्तारीची भांडी अजून आवरायची होती, तेवढ्यात कुवेतहून फुफींचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि त्या जरा अडखळत म्हणाल्या, "बेटा, भाईजानच्या वेबसाइटवर हे काय आलंय? शेजारणीला त्यांचा लेख दाखवावा म्हणून उघडली, तर पत्ते आणि फासे! मला मेलीला तिच्यापुढे कुठं तोंड लपवू असं झालं."

आम्ही लगेच मोबाइलवर पत्ता टाकून पाहिला. फुफींचे म्हणणे खरे होते. अब्बांच्या नावाच्या पत्त्यावर ऑनलाइन जुगाराची जाहिरात झळकत होती. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेल्या, साध्या लॉटरीच्या दुकानासमोरूनही झपझप पुढे जाणाऱ्या माणसाचे नाव, आणि खाली जुगार! अब्बांनी पाहिले, चष्मा काढून ठेवला आणि एवढेच विचारले, "हे काढता येतं का?"

काढता आले नाही. का आले नाही आणि त्यानंतर आम्ही काय केले, हे या लेखात सांगायचे आहे. आमच्यासारखी घरे आता पुष्कळ आहेत. कुणाला मुलीच्या डिझाइनचे नमुने दाखवायचे असतात, कुणाला शिवणकामाची माहिती द्यायची असते, कुणाला वडिलांचे लेखन जपायचे असते. त्यांचे पैसे आणि मनस्ताप वाचावा, एवढीच इच्छा.

पुरातल्या वह्या

आमचे घर चिपळूणचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या खालच्या खोल्या छतापर्यंत बुडाल्या. भांडीकुंडी, गाद्या, फ्रीज गेले त्याचे अब्बांना फार वाटले नाही. त्यांचा जीव अडकला होता लोखंडी कपाटातल्या वह्यांत. गावच्या विहिरी, खाडीतली तर, दाभोळहून येणारा माल, शाळेतली मुले, आपल्या बोलीतल्या म्हणी असे तीस वर्षांचे टिपण त्यांत होते. पाणी ओसरल्यावर चिखलातून एकोणीस वह्या काढल्या. पाने सुटी करून दोरीवर वाळत घातली, मंद इस्त्री फिरवली. बारा वह्या वाचता येण्याजोग्या राहिल्या.

तेव्हाच ठरले की हे लेखन अशा जागी ठेवायचे, जिथे पाणी पोहोचणार नाही. आम्ही तिघा भावंडांनी वर्गणी काढली आणि ओळखीतल्या एका वेबसाइट करून देणाऱ्याला चौदा हजार रुपये दिले. "दोन वर्षांचं सगळं आलं त्यात, तुम्ही काही बघूच नका," असे तो म्हणाला. आणि आम्ही खरेच काही पाहिले नाही. जानेवारी २०२२मध्ये वेबसाइट सुरू झाली. अब्बांनी एक लहानशी पुस्तिका छापून घेतली होती, तिच्या मागच्या पानावर मोठ्या हौसेने तो पत्ता टाकला.

दोन वर्षे बरी गेली. जानेवारी २०२४मध्ये वेबसाइट उघडेनाशी झाली. विचारले तर "सर्व्हरचं काम चाललंय" असे उत्तर मिळाले. मग फोन लागेनासा झाला. दुकानात जाऊन पाहिले तर शटर बंद. आणि रमजानमध्ये फुफींचा तो फोन.

त्या माणसाने ठरवून फसवले, असे आम्ही म्हणणार नाही. धंदा बसला, त्याने गाव सोडले, जुना ईमेल सोडून दिला. पण वेबसाइटचे नाव त्याने स्वतःच्या नावावर घेतले होते, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्याच ईमेलवर जात होत्या, आणि त्या वाचणारे कुणी नव्हते. चूक आमचीच होती. घराचा दगड-विटा-रंग सगळा नीट पाहिला, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे हे विचारलेच नाही.

तीन वेगळ्या गोष्टी

वेबसाइट म्हणजे एकच वस्तू आहे असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्या तीन वस्तू आहेत आणि तिन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

पहिली वस्तू नाव, म्हणजे डोमेन. डॉट कॉम किंवा डॉट इनने संपणारा तो पत्ता. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने ते नोंदवता येते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. डॉट इन नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी ही संस्था पाहते. ती थेट आपल्याला नाव देत नाही, मान्यताप्राप्त कंपन्यांमार्फत देते. या कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात.

दुसरी वस्तू जागा, म्हणजे होस्टिंग. आपला मजकूर आणि फोटो ज्या संगणकावर ठेवले जातात, ती भाड्याची खोली. खोली आज इथे, उद्या तिथे घेता येते. नाव आपल्या हातात असेल तर ते नव्या खोलीच्या दारावर लावता येते आणि येणाऱ्या पाहुण्याला बदल कळतही नाही.

तिसरी वस्तू मजकूर. आपले लेख, फोटो, नमुने. हे घरातले सामान. त्याची एक प्रत घरी ठेवणे ही आपली जबाबदारी.

आम्ही चौदा हजार दिले ते तिन्हींचे मिळून. त्यातली एकही वस्तू आमच्या हाती नव्हती. मजकूरसुद्धा नाही, कारण टायपिंग त्यानेच करून घेतले होते आणि त्याची फाइल आम्ही कधी मागितलीच नाही.

नाव जाते कसे?

आमचे नाव डॉट कॉमचे होते. अशा नावांचा नियम पुढे समजला तो असा. मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी, मग एक आठवडा आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत रजिस्ट्रारने नोंदणीदाराला सूचना पाठवायची असते. मुदत संपल्यावरही नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रारच्या नियमांप्रमाणे साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात ते परत घेता येऊ शकते. त्यानंतरच्या तीस दिवसांतही मिळते, पण जबर दंड भरून. मग पाच दिवसांनी ते मोकळे होते आणि कुणीही उचलू शकतो.

जुन्या नावांवर लोक टपून बसलेले असतात. एखाद्या पत्त्यावर वाचक येत असतील, दुसऱ्यांनी त्याचा दुवा दिलेला असेल, तर त्या ओळखीच्या जोरावर जुगाराच्या आणि कर्जाच्या जाहिराती चालवल्या जातात. आमच्याबाबत नेमके हेच झाले. जानेवारीच्या मध्यापासून ऐंशी दिवस मोजले तर एप्रिलचा पहिला आठवडा येतो, म्हणजे रमजानचा शेवटचा अशरा. नव्या मालकाने नाव परत द्यायला डॉलरमध्ये जी किंमत मागितली, तेवढ्यात आमच्या घराचे रंगकाम झाले असते. आम्ही ते नाव सोडून दिले.

म्हणून पहिला धडा: घरी करा किंवा कुणाकडून करून घ्या, नाव मात्र स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने घ्या. ज्याला तंत्र समजते त्याला मेहनताना जरूर द्यावा. त्याच्या घामाचा तो पैसा आहे. पण गवंड्याला मजुरी देताना आपण त्याच्या नावावर जमीन करत नाही.

ज्यांचे नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यात आहे, त्यांनी संबंध चांगले असतानाच ते मागून घ्यावे. डॉट कॉमसारखे नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी एक गुप्त कोड लागतो, तो जुन्या खात्यातून मिळतो. नाव नुकतेच नोंदवले असेल तर साठ दिवस ते हलवता येत नाही. त्यामुळे शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

स्वस्त चार रस्ते

ईदनंतर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी अट होती की वर्षाला हजार रुपयांच्या आत बसले पाहिजे आणि घरातल्या घरात सांभाळता आले पाहिजे. चार रस्ते पाहिले.

पहिला गूगल साइट्स. गूगलचे खाते असेल तर फुकट. चौकटी ओढून जागेवर ठेवायच्या, फोटो घालायचे, झाले. चार-पाच पानांची ओळख द्यायची असेल, म्हणजे नाव, शिक्षण, कामाचे नमुने, संपर्क, तर एका दुपारी होते. नवीन लेख सतत वाढत जाणार असतील तर मात्र ते सोयीचे वाटले नाही, कारण तारखेप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे लेख आपोआप लागत नाहीत.

दुसरा ब्लॉगर. हेही गूगलचेच. १९९९पासून चालू आहे, गूगलने २००३मध्ये घेतले. फुकट आहे, लेख तारखेने आणि विषयाने लावता येतात, आणि आपले स्वतःचे नाव जोडायला वेगळे पैसे पडत नाहीत. सजावट थोडी जुन्या वळणाची आहे. पण अब्बांच्या लेखांना झगमगाट नकोच होता.

तिसरा वर्डप्रेस. इथे दोन वेगळ्या गोष्टी एका नावाने ओळखल्या जातात आणि पुष्कळांची फसगत होते. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३पासून फुकट आणि खुले आहे, पण ते ठेवायला होस्टिंगची जागा विकत घ्यावी लागते. वर्डप्रेस डॉट कॉम ही वेगळी सेवा आहे. तिच्या फुकट प्रकारात त्यांच्या जाहिराती येतात आणि स्वतःचे नाव जोडायला पैसे भरावे लागतात. जागा घेऊन वर्डप्रेस बसवले तर काय वाटेल ते करता येते, पण त्याची अद्ययावत आवृत्ती वेळोवेळी चढवावी लागते. दुर्लक्ष झाले की चोर शिरतात. घरात कुणाला त्यात रस असेल तरच हा रस्ता धरावा.

चौथा गिटहब पेजेस. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा उत्तम. साधी पाने फुकट ठेवता येतात, स्वतःचे नाव जोडता येते, एक जीबीपर्यंतची वेबसाइट चालते. मात्र थोडी एचटीएमएल यावी लागते, आणि ऑनलाइन दुकान चालवण्यासाठी ही सेवा नाही. आमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने स्वतःची वेबसाइट यावरच केली आणि नोकरीच्या अर्जात तिचा पत्ता टाकला.

आम्ही ब्लॉगर निवडले आणि त्याला डॉट इनचे नवे नाव जोडले. नाव जोडताना रजिस्ट्रारच्या खात्यात डीएनएस नावाच्या पानावर काही नोंदी भराव्या लागतात. त्या काय असाव्यात ते ब्लॉगरच सांगतो, आपण जशाच्या तशा उतरवायच्या. आम्ही एक टिंब विसरलो म्हणून अर्धा दिवस गेला. नोंदी बरोबर भरल्यावरही वेबसाइट दिसायला काही तास, कधी एक दिवस लागतो. तेवढा धीर धरावा.

खर्चाचा कागद

नव्या नावाला पहिल्या वर्षी आम्हांला ४४९ रुपये पडले. त्यावर १८ टक्के जीएसटी ८१ रुपये. एकूण ५३०. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा दर ७९९, जीएसटी धरून ९४३. जागेचे शून्य. चौदा हजारांच्या मानाने हा खर्च काहीच नाही. दर कंपनीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात, म्हणून आमचे आकडे प्रमाण मानू नका. हिशेबाची रीत मात्र घ्या.

ती रीत अशी. पहिल्या वर्षाचा दर पाहूच नका, दुसऱ्या वर्षाचा पाहा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा हा लग्नातल्या नवरदेवाच्या शेरवानीसारखा असतो, तो रोजचा पोशाख नव्हे. आम्ही पाहिलेल्या एका होस्टिंगच्या जाहिरातीत "महिना फक्त ६९ रुपये" असे होते. बारीक अक्षरे वाचली तर अट होती की चार वर्षांचे पैसे एकदम भरायचे. म्हणजे ३,३१२ रुपये, वर जीएसटी, आणि नूतनीकरणाला महिना २९९!

पैसे भरण्याच्या पानावर आणखी काही वस्तू आधीच टोपलीत टाकलेल्या असतात. ईमेल, सुरक्षा, वेबसाइट बांधणी, गूगलवर वर आणण्याची हमी. एकेक खूण काढून टाका. पत्त्याच्या आधी सुरक्षित जोडणीची खूण लागते, तिच्या प्रमाणपत्राला एसएसएल म्हणतात. त्याचे वेगळे पैसे साध्या वेबसाइटला देण्याचे कारण नाही. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा सेवा २०१५च्या अखेरीपासून ही प्रमाणपत्रे सर्वांना फुकट देते, आणि वर सांगितलेल्या चारपैकी तीन फुकट सेवांमध्ये, म्हणजे गूगल साइट्स, ब्लॉगर आणि गिटहब पेजेसमध्ये, ही सोय आतच असते.

मग नावही फुकट का घेऊ नये? कारण फुकट नावाला धनी नसतो. फ्रीनॉम नावाची कंपनी काही देशांच्या शेपटीची नावे अनेक वर्षे फुकट वाटत होती. २०२३मध्ये तिने नवी नोंदणी थांबवली आणि पुढच्या वर्षी या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. फुकट जागेचेही भविष्य कुणाच्या हाती नसते. जिओसिटीज ही एकेकाळी जगभर गाजलेली फुकट वेबसाइटांची सेवा. याहूने ती १९९९मध्ये घेतली आणि २००९मध्ये अमेरिकेतली बंद केली. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत नव्हती, त्यांचे घरदार गेले. म्हणून जागा फुकट चालेल, पण नाव स्वतःचे हवे आणि मजकुराची प्रत घरी हवी. या दोन गोष्टी असतील तर उद्या ब्लॉगर बंद पडले तरी आम्ही आठवड्यात दुसरीकडे बिऱ्हाड मांडू.

नाव कसले घ्यावे?

फोनवर सांगितले तर समोरच्याला एका दमात लिहिता यावे, ही पहिली परीक्षा. आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगे किती तऱ्हांनी होतात ते आपण रेशन कार्डापासून पासपोर्टापर्यंत भोगतोच. आमच्या आडनावाची घरातच तीन स्पेलिंगे निघाली. म्हणून आम्ही आडनाव टाळून सोपा शब्द निवडला. मधे आडवी रेघ किंवा आकडा घेऊ नये, तो सांगताना हमखास राहतो.

देवनागरीतही नाव मिळते. डॉट भारत ही शेपटी २०१४पासून उपलब्ध आहे. अब्बांना तीच आवडली होती. पण परदेशातल्या नातेवाइकांच्या मोबाइलवर मराठी कळफलक नसतो, आणि असे नाव काही ठिकाणी चिकटवले की इंग्रजी अक्षरांची विचित्र माळ दिसते. म्हणून मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरांतलाच ठेवला.

अक्षरांचा घोळ

अब्बांचे काही लेख शाळेच्या स्मरणिकेसाठी छापखान्यात टाइप झालेले होते. ती फाइल मिळाली म्हणून आम्ही खूश झालो. वेबसाइटवर चिकटवली तर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी! कारण ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. मराठी मजकूर वेबसाइटवर नीट दिसायला आणि गूगलवर शोधता यायला तो युनिकोडमध्ये असावा लागतो. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच असते. जुने फॉन्ट बदलून देणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार पुन्हा तपासावेच लागतात.

वेबसाइटीवरच्या जुन्या लेखांपैकी अकरा लेख आम्हांला इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले. ही ना-नफा संस्था जगभरच्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवते. आपले हरवलेले पान तिथे असेलच असे नाही, पण पाहायला पैसे लागत नाहीत. उरलेले लेख पुराचे डाग पडलेल्या वह्यांतून पुन्हा उतरवायचे होते. त्यावर उपाय अम्मीने सुचवला. अब्बांनी वही धरून मोठ्याने वाचायचे आणि मोबाइलच्या कळफलकावरचा माइक दाबून मराठीत लिहून घ्यायचे. मगरीबनंतर रोज एक तास असे चालले. मोबाइल "तर" ऐकून भलतेच लिहायचा आणि अब्बा त्याला वर्गातल्या मुलासारखे रागवायचे. दोन महिन्यांत चाळीस लेख झाले.

दादाजानची काही पत्रे उर्दूत आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे तेवढ्या परिच्छेदाला तशी दिशा द्यावी लागते. नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट फुकट आहे आणि वाचायला डोळ्यांना गोड आहे. पत्राचा नुसता फोटो टाकला तर हस्ताक्षर दिसते, पण मजकूर शोधात सापडत नाही. आम्ही दोन्ही ठेवले.

काय ठेवायचे नाही?

या विषयावर आमच्यात वाद झाला. भावाचे म्हणणे, अब्बांच्या ओळखीच्या पानावर सगळ्या कुटुंबाचा ईदचा फोटो हवा. बहिणीने साफ नकार दिला. २०२१च्या जुलैत आणि २०२२च्या जानेवारीत मुस्लिम महिलांचे फोटो इंटरनेटवरून उचलून त्यांचा खोटा "लिलाव" मांडणारी ॲप निघाली होती, ती आठवण आपल्या घरांत अजून ताजी आहे. त्या महिलांचा काही गुन्हा नव्हता. त्यांनी गप्प बसावे किंवा आपल्या मुलींनी इंटरनेटवर नाव लावू नये, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. मुलीचे काम तिच्या नावाने जगापुढे यायलाच हवे. पण कोणता फोटो ठेवायचा हे त्या व्यक्तीनेच ठरवावे, भावाने किंवा बापाने नाही. बहिणीचा नकार होता, विषय संपला. पानावर अब्बांचा टेबलाशी बसलेला फोटो आहे.

घरचा पूर्ण पत्ता, लहान मुलांच्या शाळेचे नाव, आधार किंवा मार्कशीटचा फोटो, सहीचा नमुना वेबसाइटवर ठेवू नये. संपर्कासाठी वैयक्तिक मोबाइल क्रमांकाऐवजी फॉर्म द्यावा, गूगल फॉर्म्समध्ये तो फुकट होतो. आणि कुणी छळ केलाच तर स्क्रीनशॉट जपून ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

सांभाळ

वेबसाइट केली आणि विसरलो, असे पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काही नियम घातले आहेत. नूतनीकरणाची तारीख तिघांच्या मोबाइलवर आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे. आपोआप नूतनीकरणावर विसंबत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१पासून लागू झाल्यापासून कार्डातून परस्पर होणाऱ्या अशा वसुलीला आधी आपली नोंदवलेली संमती लागते, आणि ती नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत. म्हणून महिनाभर आधी स्वतः भरतो.

दर सहा महिन्यांनी ब्लॉगरमधून सगळ्या मजकुराची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवतो, एक प्रत पुण्यात बहिणीकडे आहे. गूगलने २०२३मध्ये, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. म्हणून वेबसाइटच्या खात्यात कुणी ना कुणी नियमित शिरत असते. खात्याचा पासवर्ड आणि रजिस्ट्रारचे नाव एका बंद पाकिटात अम्मीच्या दागिन्यांच्या डब्यात आहे. आयुष्याचा भरवसा नसतो. घराचे कागद वारसांना सापडावेत अशी सोय आपण करतो, तशीच याचीही करावी.

पैसे देण्याआधी विचारा

वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर एवढे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर घेतली तरी चालतील.

• नाव कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर नोंदवणार?
• रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड आम्हांला मिळणार का?
• दुसऱ्या वर्षापासून नावाचा खर्च किती, जागेचा किती, आणि तुमचा मेहनताना किती? तिन्ही वेगळे सांगा.
• मजकूर आणि फोटोंच्या मूळ फाइली आम्हांला कधी देणार?
• तुम्ही उद्या हे काम सोडले तर आम्ही स्वतः वेबसाइट चालवू शकू का?

शेवटच्या प्रश्नाला जो हसून "काळजीच करू नका" म्हणेल, त्याच्याकडून चहा पिऊन उठावे.

अब्बांच्या पुस्तिकेच्या साठेक प्रती घरात शिल्लक होत्या. नवी वेबसाइट सुरू झाली त्या शुक्रवारी त्यांनी त्या सगळ्या काढल्या आणि मागच्या पानावरचा जुना पत्ता पेनाने एकेक करून खोडला. खाली नवा लिहिला. आम्ही म्हणालो, स्टिकर छापून आणतो. ते म्हणाले, "राहू दे. वीस रुपयांचं पेन पुरे आहे." ज्या वाचनालयांना आणि माजी विद्यार्थ्यांना प्रती दिल्या होत्या, त्यांना त्यांनी पोस्टकार्डे टाकली. फुफींना दुवा व्हॉट्सॲपवर गेला. त्यांनी तो शेजारणीला दाखवला आणि मगच फोन केला.